जॅझ, फंक, डीप हाउस: पहिला तासाभराचा मिक्स कसा बांधाल

मे महिन्यात नागपुरात गच्चीवर बसण्याजोगी हवा रात्री साडेनऊनंतर होते. संध्याकाळी शिंपडलेलं पाणी तोवर वाळलेलं असतं, फरशी पायाला कोमट लागते, कोणीतरी माठ वर आणून ठेवतं. अशा वेळी हळू आवाजात लावलेला इलेक्ट्रिक पियानो आणि त्याच्याखाली सावकाश चालणारा बेस जेवढा मनात उतरतो, तेवढा दिवसा कधी उतरत नाही. आपण जो मिक्स बांधणार आहोत तो या वेळेसाठी आहे. तासाभराचा, जॅझपासून निघून फंकमधून डीप हाउसवर पोचणारा.

वाचणाऱ्यांनी आजवर फार तर मोबाइलवर प्लेलिस्ट केली असेल असं मी धरून चाललो आहे. प्लेलिस्टमध्ये एक गाणं संपतं आणि दुसरं सुरू होतं. मिक्समध्ये अर्धा मिनिट दोन्ही गाणी एकत्र वाजतात आणि तेव्हा जे ऐकू येतं ते दोघांपैकी कोणत्याच गाण्यात नसतं. खरी मेहनत त्या अर्ध्या मिनिटाची. तिला महागडं यंत्र लागत नाही, तयार कान लागतो. सम कुठे आली हे ज्याला कळतं, भजनात कोणी पट्टी सोडली की ज्याला लगेच खटकतं, त्याचा कान बऱ्यापैकी तयारच असतो. मी शिकताना इंग्रजी व्हिडिओंमागे बरेच महिने घातले. उलगडा झाला तो लहानपणी तबल्याच्या आणि पेटीच्या क्लासात घोकलेल्या गोष्टी इथे लावून पाहिल्यावर. म्हणून हा लेखही त्याच भाषेत लिहितो आहे.

आधी सामान

लॅपटॉप, वायरवाला हेडफोन आणि एक सॉफ्टवेअर, एवढ्यावर सुरुवात होते. शेवटी तीन एक्स लावून लिहितात ते ‘मिक्स’ नावाचं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो ही व्यावसायिक डीजेंची नेहमीची नावं. कोणतंही घ्या, पण सहा महिने बदलू नका. जमलं तर छोटा कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायचा बटणांचा आणि चकत्यांचा पाट) घ्या. माउसने एका वेळी एकच बटण फिरवता येतं आणि जोड देताना दोन फिरवावी लागतात.

हेडफोन ब्लूटूथवाला नको. त्यावर आवाज कानात उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. सेकंदाचा आठवा हिस्सा उशीर झाला तरी पाव ठोक्याची चूक होते आणि तुम्ही नीट लावलेलं गाणंही लंगडतं.

ही तिन्ही एकाच घरातली

पहिल्यांदा मिक्स करणारे जॅझचा डबा, फंकचा डबा, हाउसचा डबा असे वेगळे ठेवतात आणि मग एकातून दुसऱ्यात उडी मारतात. उडी मारायची गरज नाही, कारण वाट आधीच पडलेली आहे.

१९५९ साली माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ केला तेव्हा भराभर बदलणाऱ्या कॉर्ड बाजूला ठेवून एकेका स्वरसमूहावर बराच वेळ थांबायचं ठरवलं. आपल्याकडच्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. एक राग घेऊन त्यातच फिरायचं हा आपला जुना रिवाज. १९६७ मध्ये जेम्स ब्राउनच्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये कॉर्ड आणखी कमी झाल्या आणि गिटार, बेस, ब्रास अशी सगळीच वाद्यं तालवाद्यांसारखी वाजायला लागली. मधल्या मात्रांत ज्याने त्याने आपापलं खेळायचं, पण पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी येऊन भेटायचं. त्या मात्रेला ते ‘द वन’ म्हणतात. म्हणजे आपली समच. मग माइल्सच्या बँडमध्ये वाजवून गेलेल्या हर्बी हॅनकॉकने १९७३ मध्ये ‘हेड हंटर्स’ काढला, आणि जॅझची बोटं फंकच्या पायांवर उभी राहिली.

पुढचा मुक्काम शिकागो. तिथल्या वेअरहाउस क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स सोल आणि डिस्को वाजवायचा. ‘हाउस’ हे नाव त्या क्लबाच्या नावावरून आलं असं मानतात. त्याच शहरातला लॅरी हर्ड मुळात ड्रमर. त्याने १९८६ मध्ये मिस्टर फिंगर्स या नावाने ‘कॅन यू फील इट’ केलं. खाली चारही मात्रांवर पडणारा मशीनचा ठोका आणि वर लांब, धूसर कॉर्ड. डीप हाउस म्हणजे काय हे तेवढ्या एका ट्रॅकवरून समजतं.

या दोन टोकांना एका माणसाने बांधलेलं ऐकायचं असेल तर व्हायब्राफोनवाला (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) रॉय एअर्स ऐका. १९७६ चं ‘एव्हरीबडी लव्ज द सनशाइन’ त्याचं. वीस-एक वर्षांनी, १९९७ मध्ये, न्यूयॉर्कच्या मास्टर्स ॲट वर्क या हाउसच्या जोडगोळीने ‘नुयोरिकन सोल’ नावाचा अल्बम केला, त्यातही तो वाजवतो. तोच हात, तेच वाद्य, फक्त खालची जमीन बदललेली. नव्या माणसाने या दोन ध्वनिमुद्रणांवर एक रविवार खर्च करावा असं मी आग्रहाने सांगेन.

आणि आपलं माणूस या वाटेवर नाही असं समजू नका. मुंबईची आशा पुथली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्नेट कोलमनच्या जॅझ अल्बमवर गायली. १९७६ चं तिचं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या ‘लॉफ्ट’मध्ये, डेव्हिड मँकुसोच्या त्या प्रसिद्ध पार्ट्यांत, वाजायचं. माझ्या मिक्समध्ये फंकवरून हाउसकडे वळताना तिचं गाणं हमखास असतं. त्याचा वेग मधला आहे, आणि त्या आवाजाशी माझं नातं आहे.

गाणी निवडणं

तासाभराला बारा-तेरा गाणी पुरतात. त्यासाठी तीसेक गोळा करा आणि अर्ध्याहून जास्त काढून टाका. काढून टाकणं हेच निवडणं. एखादं गाणं कितीही आवडतं असलं तरी शेजारच्या गाण्याला दाबत असेल तर ते पुढच्या मिक्ससाठी राहू द्या.

प्रत्येक गाणं तीनदा ऐका. एकदा काहीही न करता, एकदा फक्त बेसकडे लक्ष देऊन, एकदा वही घेऊन. वहीत लिहायचं ते असं: बेस कितव्या मिनिटाला येतो, गळा कधी सुरू होतो, नुसता ताल कुठे उरतो, गाणं संपतं ते थांबून की विरत जाऊन. मी अजूनही शाळेची दोनशेपानी वही वापरतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं मी परत उघडून पाहत नाही.

‘सोलफुल’ हा शब्द सगळ्याच डीप हाउसवर चिकटवलेला दिसतो. माझी कसोटी एकच आहे: त्या गाण्यात कोणाचा तरी हात ऐकू यायला हवा. बेसच्या तारेवरून सरकलेलं बोट, सॅक्सोफोनमध्ये फुंकर भरायच्या आधीचा श्वास, हाय-हॅटचा केसभर उशिरा पडलेला ठोका. हा उशीर मशीनवरही आणता येतो. रॉजर लिन याने आखलेल्या आणि १९८८ मध्ये आलेल्या अकाईच्या एमपीसी ६० या ताल रचायच्या यंत्रात ‘स्विंग’ वाढवला की दर दुसरा सोळांश (पाव मात्रेचा) ठोका थोडा मागे सरकतो आणि सरळ चालणारा ताल डोलायला लागतो. चांगल्या डीप हाउसमध्ये हे डोलणं असतं. म्हणूनच ते जॅझशेजारी शोभतं. ज्यात सगळं पट्टीने आखल्यासारखं आहे ते गाणं कितीही गुळगुळीत असो, या मिक्समध्ये उपरं वाटेल.

फाइल विकत घ्या. बँडकॅम्पवर मूळ दर्जाची फाइल मिळते आणि कलावंताला पैसे जातात. व्हिडिओवरून उतरवलेल्या गाण्यात झांजांचा वरचा आवाज चिरकतो. एकेकटं ऐकताना ते खपून जातं, पण चांगल्या फाइलला जोडताच पडदा टाकल्यासारखा फरक पडतो. महिन्याचं वर्गणीवालं ॲप मिक्ससाठी चालत नाही, त्यावरून ध्वनिमुद्रण करता येत नाही.

मात्रा मोजा

ज्याने नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत संदलच्या (ढोल-ताशेवाल्यांच्या) मागे चार पावलं टाकली आहेत त्याला सम पायात कळते. तिथे कोणी मोजत नाही, तरी सगळे एकदम खाली वाकतात. मिक्समध्ये तेच करायचं आहे, फक्त सुरुवातीला मोजून.

हाउस आणि बहुतेक फंक चार मात्रांच्या बारमध्ये चालतं. चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. या संगीतातले बदल (नवं वाद्य येणं, गळा थांबणं, ब्रेक) बहुतेक वेळा आठ किंवा सोळा बारनंतर होतात, म्हणजे दोन किंवा चार आवर्तनांनी. तेव्हा नवं गाणं जुन्याच्या आवर्तनाच्या समेवर सोडायचं. कोणत्याही पहिल्या ठोक्यावर सोडलं तरी ठोके जुळतील, पण मग एका गाण्याचा ब्रेक दुसऱ्याच्या ओळीच्या मधोमध येईल आणि ऐकणाऱ्याला, का ते न कळता, काहीतरी अडल्यासारखं होईल.

जॅझमध्ये प्रत्येक गाणं चारात नसतं. १९५९ चंच ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे. दोन बार मिळून दहा मात्रा होतात म्हणून झपताल आठवतो, पण झपताल दोन-तीन असा चालतो आणि हे तीन-दोन. असं गाणं चारमात्रीवर चढवायला जाऊ नका. ते मिक्सच्या अगदी सुरुवातीला एकटं वाजू द्या, पूर्ण संपू द्या, आणि मग पुढचं सुरू करा. सुरुवातीच्या त्या शांततेला कोणी नाव ठेवत नाही.

वेगाची चढण

सत्तरच्या दशकातलं जॅझ-फंक साधारण ९० ते १०५ ठोक्यांत असतं, डीप हाउस ११८ ते १२४ मध्ये. मधलं अंतर वीस ठोक्यांचं. एका जोडीत ते कापायला गेलात तर गाणं पळवल्यासारखं वाटतं.

म्हणून चढण बांधा. पहिली तीन-चार गाणी ९२ ते १०२. मग १०४ ते ११४ च्या घरातली तीन, त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या शेवटचं आणि ऐंशीच्या सुरुवातीचं डिस्को आणि बूगी पाहा, तिथे हा वेग भरपूर सापडतो. मग ११६ ते ११८, आणि शेवटचा तिसरा हिस्सा १२० च्या आसपास. एका गाण्याचा वेग तीन टक्क्यांपलीकडे ओढू नका. सूर बांधून ठेवणारं ‘की लॉक’ बंद असेल तर ६ टक्के वेग वाढवल्यावर पट्टी बरोबर अर्ध्या स्वराने चढते. पेटीवर सांगायचं तर काळी एकचं गाणं पांढरी दोनचं होतं. की लॉक लावलं तर पट्टी राहते, पण जास्त ओढल्यावर गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो.

तरी एके ठिकाणी दहा ठोक्यांची खाच पडतेच. ती भरायला ताल नसलेला भाग शोधा: नुसता ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो, सॅक्सोफोनचा आलाप, ड्रम थांबून उरलेली एकच कॉर्ड. आलापीनंतर द्रुत सुरू झाली तर आपण वेग मोजत बसत नाही. इथेही तसंच होतं.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या फंकमध्ये ड्रमवर माणूस बसलेला असतो आणि माणूस कोरसमध्ये जरा पुढे जातो, सोलोत जरा रेलतो. सॉफ्टवेअर मात्र बहुधा पूर्ण गाण्यावर ठोक्यांची एकच सरळ जाळी टाकतं. सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं आणि तिसऱ्या मिनिटाला ठोके घसरलेले असतात. पडद्यावरच्या रेघा बघू नका. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवा, हात जॉग व्हीलवर (कंट्रोलरवरच्या गोल चकतीवर) ठेवा आणि सायकलचा तोल सांभाळतो तसं बोटाने किंचित पुढे-मागे करत राहा. आणि अशा गाण्यांची जोड छोटी ठेवा, एका आवर्तनाची. मशीनच्या तालावरच्या दोन गाण्यांना चार आवर्तनं एकत्र ठेवता येतं, माणसाच्या तालाला तेवढं ताणू नये.

सूर

हा भाग मी सावकाश सांगतो, कारण इथे आपल्याकडचा कान इतरांपेक्षा पुढे आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यापुढे एक क्रमांक दाखवतं, ३ए, ८बी असा. याला कॅमलॉट चक्र म्हणतात. घड्याळासारखे बारा आकडे, ‘ए’ म्हणजे मायनर, ‘बी’ म्हणजे मेजर. नियम असा की त्याच आकड्यावर राहा किंवा शेजारच्या आकड्यावर जा. नियम का चालतो? शेजारच्या आकड्यात षड्ज-पंचमाचं अंतर असतं. एक आकडा पुढे गेलं की आधीच्या गाण्याचा पंचम नव्या गाण्याचा षड्ज होतो आणि सातपैकी सहा स्वर तेच राहतात. एकाच आकड्याच्या ए आणि बी मध्ये सातही स्वर तेच, फक्त सा वेगळा. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे नातं नवं नाही.

पण हा नियम पाळूनही जॅझ-फंकची आणि डीप हाउसची जोड कधी कधी आंबते. माझ्या बाबतीत हे ‘हेड हंटर्स’मधल्या ‘कमेलियन’वर झालं. त्याचा बेस हर्बी हॅनकॉकने सिंथेसायझरवर वाजवला आहे, गाणं १५ मिनिटांहून लांब आहे आणि सुरुवातीचा भाग मिक्सला सोन्यासारखा आहे. सा बी फ्लॅट. मी त्याच्यावर त्याच पट्टीतलं, तोच ३ए क्रमांक दाखवणारं एक हाउसचं गाणं लावलं. बेस जुळला, ताल जुळला, आणि वरच्या कॉर्ड एकमेकींना ओरबाडत होत्या. पेटी काढून दोन्ही गाण्यांचे स्वर शोधले तेव्हा कळलं. ‘कमेलियन’मध्ये गंधार कोमल, निषाद कोमल, पण धैवत शुद्ध. म्हणजे काफी थाट. हाउसच्या गाण्यात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल, म्हणजे आसावरी. सॉफ्टवेअरला दोन्ही ‘मायनर’च. त्याला दोन धैवत एकत्र वाजत आहेत हे कळत नाही, तुम्हाला कळतं.

उपायही आपल्याच पोतडीत आहे. काफीचे सात स्वर तसेच ठेवून पंचमाला सा मानला की आसावरी मिळतो. मूर्च्छनेचा हा साधा हिशेब. चक्रावर पंचम म्हणजे एक आकडा पुढे. तेव्हा गाणं ३ए दाखवत असेल आणि कानाला काफी वाटत असेल, तर त्याला ३ए नव्हे, ४ए मधलं आसावरीचं गाणं जोडा. सातही स्वर जुळतात. सत्तरच्या दशकातलं जॅझ-फंक मोठ्या प्रमाणावर काफीत आहे (तिकडे याला डोरियन म्हणतात), त्यामुळे ही युक्ती पुन्हा पुन्हा कामाला येते. पेटी नसेल तर मोबाइलवरच्या पियानोच्या ॲपवर धैवत तपासा. एका गाण्याला दोन मिनिटं लागतात.

जोड देताना हात

समजा जाणारं गाणं ११६ चं, येणारं ११८ चं. जाणाऱ्याचा वेग, त्यातला शेवटचा गळा संपत असताना, एका मिनिटात हळूहळू ११८ वर आणून ठेवा. कोणाच्या लक्षात येत नाही.

येणाऱ्या गाण्याचा बेसचा नॉब पूर्ण खाली. हेडफोनमध्ये ते गाणं समेवर धरून ठेवा. जाणाऱ्याच्या शेवटच्या चार आवर्तनांची पहिली सम आली की सोडा, आणि त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) दोन आवर्तनांत वर न्या. ११८ च्या वेगाला चार आवर्तनं म्हणजे अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त, वेळ भरपूर आहे, घाई नको. सगळ्यात आधी हाय-हॅट ऐकू येतात. दोन गाण्यांचे हाय-हॅट मिळून एकच ‘च्’ ऐकू आला तर ठीक. ‘च्च्’ असा फाटला तर जॉग व्हीलला बोट लावा.

आता तिसऱ्या आवर्तनाची सम. डाव्या हाताने जाणाऱ्याचा बेस खाली, उजव्या हाताने येणाऱ्याचा बेस वर, दोन्ही एकाच ठोक्यावर. हा या सगळ्या कामातला सर्वांत सुखाचा क्षण. वरचं सगळं तसंच राहतं आणि पायाखालची जमीन बदलते. दोन बेस एकत्र कधीही वाजू देऊ नका, एका मात्रेपुरतेही. दोन माणसांचे गळेही एकत्र नकोत. बाकी सगळं चालतं. बेस गेल्यावर जुन्या गाण्याचा पियानो किंवा बासरी वर तरंगत असेल तर ती लगेच तोडू नका, अजून दोन आवर्तनं राहू द्या आणि मग विरवा.

ही एक जोड सलग वीसदा करा. मग दुसरी.

ध्वनिमुद्रण, आणि कूलर

माझा पहिला पूर्ण मिक्स मी मे महिन्यात खोलीत कूलर चालू ठेवून केला. बाहेर ४५ अंश, कूलर बंद करणं शक्य नव्हतं. कूलरचा पंखा खालच्या पट्टीत सतत घरघरतो आणि कानाला ते काही वेळाने ऐकू येईनासं होतं, पण त्या घरघरीखाली गाण्यातला बेस बुडतो. मी दर गाण्याला बेस थोडा थोडा वाढवत गेलो. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत, फुटाळ्याच्या रस्त्यावर, काचा लावून तो मिक्स ऐकला. पहिल्याच गाण्याला दारं थरथरली. मित्र म्हणाला, “नुसतं घुमून राह्यलं बाप्पा, गाणं कुठं गेलं?” आठ दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून जोड बसवायचा सराव कूलरखाली करतो, पण आवाजाची पातळी ठरवणं आणि शेवटचं ध्वनिमुद्रण पहाटे पाचला, सगळं बंद करून.

पातळीचं थोडक्यात. १९७० च्या दशकातलं गाणं आजच्या गाण्यापेक्षा हळू वाजतं, तेव्हा प्रत्येकाचा ‘गेन’ (मूळ आवाज कमी-जास्त करायचा नॉब) कानाने सारखा करा. मास्टरचा काटा लाल रंगाला शिवू देऊ नका, सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. नंतर वाढवता येतं, फाटलेला आवाज शिवता येत नाही. ध्वनिमुद्रण २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये करा, वाटायला ३२० केबीपीएसची एमपीथ्री काढा. आणि उन्हाळ्यात लॅपटॉप बॅटरी भरलेला असू द्या. पन्नासाव्या मिनिटाला लाइन गेली की काय वाटतं ते अनुभवून शिकायची गरज नाही.

लोकांना ऐकवताना

घरच्या गच्चीवर दोस्तांना ऐकवणं वेगळं. कॅफेत किंवा कार्यक्रमात वाजवायचं तर आयोजकाने परवाने घेतलेत का ते आधी विचारा. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल आणि शब्द-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही दोन दारं आहेत. इंटरनेटवर चढवायला मिक्सक्लाउड बरं, कारण तिथे हक्कदारांशी करार आहेत. इतर ठिकाणी मिक्स मध्येच काढून टाकला जाऊ शकतो. सोबत गाण्यांची पूर्ण यादी द्या, कलावंत आणि सालासकट. कोणीतरी त्या यादीवरून रॉय एअर्सपर्यंत पोचेल.

गच्चीवर रात्री १० नंतर स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम तसा आहेच, पण शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गादी टाकून झोपलेलं असतं. दहानंतर हेडफोन.

मिक्स झाला की आठवडाभर तो ऐकू नका. मग घराबाहेर ऐका. मी सीताबर्डीहून मेट्रोत बसतो आणि खापरीच्या दिशेने जातो. हातात वही असते, मोबाइलचा पडदा बंद. ज्या क्षणी लक्ष खिडकीबाहेर गेलं, तो मिनिट लिहायचा. परतीच्या गाडीत पुन्हा ऐकायचा. दोन्ही खेपांना लक्ष त्याच मिनिटाला सुटलं तर त्या मिनिटाच्या आधीचं गाणं काढा. त्याच्या जागी काय येईल, हे तीसच्या यादीतल्या उरलेल्या सतरा-अठरांत बहुधा असतंच.